दिवा कुणाचा, मूड कुणाचा

‘मोटिव्हेशनच येत नाही हो, काकू.’

परीक्षेच्या निकालाच्या मेल येऊन गेल्या. शारजातल्या आमच्या अल नहदाच्या ग्रुपवर त्यानंतर बरंच काही लिहिलं गेलं. पण शुक्रवारी संध्याकाळी सहारा सेंटरजवळच्या कॅफेटेरियात करक चहा घेताना सांगलीकडच्या एका मुलाने हेच वाक्य मला तोंडावर ऐकवलं, तेव्हापासून डोकं तापलं आहे. अमेरिकन सीएमए या अकाउंटिंगच्या परीक्षेचा पहिला भाग त्याचा सुटलाय. दुसरा त्याने तिसऱ्यांदा पुढच्या परीक्षा-विंडोवर ढकलला.

कुणाच्या ऑफिसात महिनाअखेर असते, कुणाच्या घरात तान्हं मूल असतं, फी डॉलरमध्ये भरावी लागते. या अडचणी खऱ्या आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण या ‘येत नाही’शी आहे.

मोटिव्हेशन हा काय पाहुणा आहे, की दार उघडं ठेवून त्याची वाट बघत बसायचं? हाच मुलगा रोज सकाळी उठून दुबईला जाणाऱ्या अल इत्तिहाद रोडच्या रांगेत उभा राहतो. त्या रांगेत उभं राहायला कुणाला स्फूर्ती येते? तरी सगळे जातात. घरभाड्याचे चेक पुढच्या तारखा घालून घरमालकाच्या हवाली केलेले असतात. तारीख उजाडली की ते वटवले जातात, मूड विचारत नाहीत. आणि हा तर हिशेबाच्या धंद्यातला माणूस! यूएईत २०१८ मध्ये व्हॅट आला, २०२३ पासून कॉर्पोरेट टॅक्स आला, म्हणून तर अकाउंट्सच्या माणसाची किंमत वाढली. व्हॅटचं रिटर्न कालावधी संपल्यावर २८ दिवसांत भरावं लागतं. ‘या तिमाहीत मोटिव्हेशन नव्हतं’ असं लिहून कुणी दंड माफ करून घेतला आहे का? दुसऱ्याच्या तारखा अचूक पाळणारा माणूस स्वतःच्या तारखेशी असं वागतो, याचा मला राग येतो.

मग मोटिव्हेशन आणण्यासाठी काय केलं जातं? रील बघितली जातात. पहाटे चारला उठणाऱ्या कुणा अनोळखी माणसाचं रील रात्री एक वाजेपर्यंत बघायचं आणि सकाळी आठला उठायचं. शिवाय हायलायटर. हायलायटरबद्दल मी याआधीही लिहिलं आहे आणि पुन्हा लिहीन: पान पिवळं झालं म्हणजे धडा समजला असं होत नाही. परीक्षा चार तासांची आहे, ५०० पैकी ३६० गुण लागतात. ते उदाहरणं सोडवणाऱ्या हाताला मिळतात, पानं रंगवणाऱ्याला नाही.

संधी वाढल्या की पुढे ढकलणंही सोपं होतं, हे मला मान्य आहे. सीएमएच्या वर्षात तीन विंडो: जानेवारी-फेब्रुवारी, मे-जून, सप्टेंबर-ऑक्टोबर. एसीसीएची परीक्षा वर्षातून चारदा. आपली सीए फायनलसुद्धा वर्षातून तीनदा घ्यायचं २०२५ मध्ये ठरलं. पुढची तारीख कायम समोर दिसते, म्हणून आजची रात्र स्वस्त वाटते. पण सीएमएला तीन वर्षांची मुदत आहे. तेवढ्यात दोन्ही भाग सुटले नाहीत, तर सुटलेला भागही हातचा जातो. खर्च झाला की तो त्याच दिवशी वहीत लिहायचा, पैसे कधीही जावोत, हे अकाउंट्सच्या पहिल्याच वर्गात शिकवतात. न केलेला अभ्यासही तसाच थकबाकीत जमा होतो.

मला खरं बोलायचं आहे ते पुढेच. हा मुलगा बेडस्पेसमध्ये राहतो. एका खोलीत चौघं. याचं पुस्तक उघडं असतं म्हणून बाकीचे तिघं रात्री साडेअकरापर्यंत डोळ्यांवर आडवा हात घेऊन झोपतात. त्यातला एक पहाटे साडेचारला उठून कामाला जातो. फी वडिलांनी प्रॉव्हिडंट फंडातून काढून दिली आहे. कुणाकडे बायको मुलाला घेऊन दोन तास पॉन्ड पार्कमध्ये बसते, घर शांत राहावं म्हणून. अभ्यासाची वेळ एकट्याची कधीच नसते. कुणीतरी आपली झोप, आपला पैसा, आपली संध्याकाळ त्यात घातलेली असते. दुसऱ्याच्या झोपेवर लावलेल्या दिव्याखाली बसून मूडची वाट बघणं हा नुसता आळस नाही, तो अप्रामाणिकपणा आहे.

परीक्षा नकोच असेल तर सोडा. त्यात लाज नाही. सीएमए न होताही माणसं इथे सरळ, नीट जगतात. तसं घरी स्पष्ट सांगा आणि खोलीतला दिवा बंद करा, सगळे झोपतील. पण हवी असेल, तर बसा. मन बसल्यावर लागतं, आधी नाही. निदान मी तरी उलटं झालेलं पाहिलेलं नाही.

तर बाळा, आज रात्री पाच उदाहरणं सोडव, मन लागो न लागो. आणि तुझ्यासाठी उजेडात झोपणाऱ्या त्या माणसाला परीक्षेची तारीख सांग. ती पुढे ढकलायची झाली, तर आधी त्याला विचार.