प्रतिस्पर्ध्याचे पत्रक

कामगार संघाच्या पदाधिकाऱ्यांची निवडणूक जाहीर झाली म्हणजे गिरणीच्या फाटकाशी पत्रकांचा पाऊस सुरू होतो. अमक्याने वर्गणीचा हिशेब दडविला, तमका मालकाला मिळालेला आहे, अशा आशयाचा मजकूर त्यांत असावयाचाच. ज्याच्यावर आरोप होतो तो बहुधा पदावर असतो. आणि संघाची कचेरी, सभासदांची यादी, मुखपत्र ही साधने त्याच्याच हाती असतात. आपल्या दृष्टीने असत्य असलेले असे पत्रक वाटू देण्याचे, किंबहुना संघाच्या यंत्रणेतून ते सभासदांपर्यंत पोहोचविण्याचे नैतिक बंधन त्याच्यावर आहे काय?

इंदूरकरांस हा प्रश्न परका वाटू नये. स्टेट मिल, मालवा, हुकुमचंद, कल्याणमल, राजकुमार या गिरण्यांच्या भोंग्यांवर एके काळी या शहराचा दिवस उगवत असे. अहमदाबादच्या मजूर महाजनाचा आदर्श पुढे ठेवून व्ही. व्ही. द्रविड प्रभृतींनी येथे मिल मजदूर संघ वाढविला. लाल बावट्याचा प्रतिपक्षही तितकाच जोरकस होता, आणि त्याचे पुढारी होमी दाजी १९६२ साली इंदूरहून लोकसभेवर निवडून गेले. मध्य प्रदेशाच्या १९६० च्या औद्योगिक संबंध कायद्याने उद्योगातील ‘प्रातिनिधिक’ संघाच्या शब्दाला विशेष वजन दिले. त्यामुळे त्या संघाचे पदाधिकारी कोण, हा प्रश्न सभासद नसलेल्या कामगाराच्याही पोटाचा झाला. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली. तिच्या सुमारे ४,८०० कामगारांच्या देण्यापोटी सुमारे २२४ कोटी रुपये सुटले ते २०२३ च्या डिसेंबरात. बत्तीस वर्षे आपल्या वतीने कोणी बोलावे, हे ज्यांना ठरवावयाचे होते त्यांना दोन्ही बाजू ऐकावयास मिळणे ही किरकोळ गोष्ट नव्हे.

कायद्याचा आधार मात्र तोकडा. पदाधिकारी कसे नेमावयाचे हे संघाच्या नियमांत असले पाहिजे, इतके १९२६ च्या कामगार संघ कायद्याने सांगितले. प्रचारपत्रकांविषयी त्यात अवाक्षर नाही. लोकसभा-विधानसभांच्या निवडणुकीतील पत्रकांवर मुद्रक व प्रकाशक यांची नावे व पत्ते असावेत हा दंडक १९६१ पासून आहे, पण तो संघांच्या निवडणुकांस लागू नाही. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने असले तंटे न्यायाधिकरणाकडे सोपविले खरे. परंतु पत्रकाचा तंटा मतदानाच्या आदल्या आठवड्यातला, आणि न्यायाधिकरणाची पायरी चढेपर्यंत मतपेट्या उघडलेल्या असतात.

अमेरिकेने १९५९ साली याविषयी स्पष्ट कायदा केला. उमेदवाराने खर्च सोसला की त्याचे पत्रक संघाने सभासदांस पाठविलेच पाहिजे. आणि संघाचा पैसा कोणत्याही उमेदवाराच्या प्रचारासाठी खर्चावयाचा नाही. पत्रक आधी वाचून त्यातील मजकूर गाळण्याचा अधिकारही तेथे संघास नाही. हे कागदावर सोपे दिसते. १९६९ साली खाणकामगारांच्या युनियनचे अध्यक्ष टोनी बॉइल यांच्याविरुद्ध जोसेफ याब्लोन्स्की उभे राहिले, तेव्हा त्यांचे पत्रक टपालात पडावे म्हणून न्यायालयात जावे लागले. युनियनचे मुखपत्र तर बॉइल यांची आरतीच गात होते. याब्लोन्स्की पडले, आणि वर्ष संपता संपता त्यांची, पत्नीची व मुलीची राहत्या घरी हत्या झाली. त्या कटासाठी पुढे बॉइल दोषी ठरले. १९७२ साली न्यायालयाने ती निवडणूक रद्द केली व पुन्हा मतदान होऊन बॉइल हरले.

यावर आपल्याकडील सज्जन म्हणतील, खोटे छापू द्यावे हा कोठला धर्म? गीतेच्या १७ व्या अध्यायात वाणीच्या तपाचे वर्णन आहे. वाणी उद्वेग न देणारी, सत्य, प्रिय आणि हितकर असावी. परंतु ते तप आहे हे विसरता कामा नये. तप ज्याचे त्याने करावयाचे असते. दुसऱ्याच्या तोंडावर हात ठेवून त्याच्याकडून सत्याचे तप करवून घेता येत नाही. आणि हात ठेवणारा स्वतः उमेदवार असेल तर त्याच्या तपाविषयीच शंका यावी.

महाभारतातील अश्वत्थाम्याचा प्रसंग मला येथे अधिक बोलका वाटतो. द्रोणांनी शस्त्र खाली ठेवले ते युधिष्ठिराच्या शब्दावर. अन्य कोणाच्या बोलण्यावर ते फसले नसते. आणि त्याच्या वाक्याचा उत्तरार्ध, लोककथा सांगते त्याप्रमाणे, शंखाच्या नादात बुडाला. विरोधकाच्या कडवट पत्रकाकडे कामगार संशयानेच पाहतो. संघाच्या मुखपत्रातील अर्धसत्यावर मात्र तो विसंबतो, कारण तो कागद त्याच्याच वर्गणीचा असतो. म्हणून पहारा हवा तो पदस्थाच्या शंखावर.

याचा अर्थ मोकाट निंदेस मुभा असा नव्हे. कामगाराच्या घरातील स्त्रीवर शिंतोडे उडविणारे निनावी पत्रक मी तरी पत्रक मानीत नाही. १९१८ च्या अहमदाबादच्या लढ्यात गांधीजींनी लिहिलेली पत्रके अनसूयाबेन साराभाईंच्या नावाने निघत; त्या शब्दांचे उत्तरदायित्व घेणारे माणूस मजुरांच्या डोळ्यांसमोर होते. नाव घातलेल्या आरोपाला उत्तर देता येते, प्रसंगी अब्रुनुकसानीचा दावाही लावता येतो. तेव्हा निवडणूक-अधिकाऱ्याने मजकूर न तपासता नाव तपासावे, हे मला रास्त वाटते. हा अधिकारी उमेदवारांपैकी कोणाच्याही गोटातला नसावा हे ओघानेच आले.

‘महाजन’ शब्द वाचून आमच्या गोमंतकीय वाचकांस आपापली देवस्थाने आठवली असतील. तेथेही समितीची निवडणूक असते, आणि महाजनांची यादी कोणाच्या कपाटात आहे यावरून कसे रुसवेफुगवे होतात हे मी सांगावयास नको.

राहता राहिले मतदानाच्या आदल्या रात्रीचे पत्रक. त्याला उत्तर देण्यास अवधीच नसतो, म्हणून नाव असूनही ते अन्यायाचे. येथे मला एकच उपाय सुचतो: ठराविक दिवसानंतर आलेले पत्रक, मग ते पदस्थाचे असो वा विरोधकाचे, उत्तरासह वाटले जावे, आणि उत्तर छापून होत नसेल तर मतदान दोन दिवस पुढे ढकलावे. अशी तहकुबी पदस्थांस क्वचितच रुचेल, कारण तारीख ठरविणारेही बहुधा तेच असतात.