आजीच्या ओसरीवरची उपासना
(शास्त्रपाठ : २ तीमथ्य १:५, प्रे. कृत्ये १६:२५)



पौलाने तीमथ्याला जे दुसरे पत्र लिहिले त्याच्या आरंभीच एका वृद्ध स्त्रीचे नाव येते. तिचे नाव लोईस. सर्व पवित्र शास्त्रात हे नाव एवढ्या एकाच ठिकाणी आढळते. तिने कोठे प्रवचन केल्याचे लिहिलेले नाही, की एखादी मंडळी स्थापिल्याचे लिहिलेले नाही. ती तीमथ्याची आजी होती, एवढेच आपणांस कळते. तरीपण आपल्या तरुण सोबत्याच्या विश्वासाचे मूळ शोधताना प्रेषित त्याला प्रथम त्या आजीच्या घरी घेऊन जातो, तेथून आई युनीके हिच्याकडे, आणि मग त्याच्या स्वतःच्या अंतःकरणाकडे. ज्या विश्वासाने पुढे मंडळ्या सांभाळल्या तो आधी एका घरात सांभाळला गेला होता.

ही गोष्ट आपण वाचली होती, पण तिचे मोल २०२० साली आपणांस कळले. त्या वर्षी ११ मार्च रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाच्या साथीला महामारी म्हटले आणि २५ मार्चपासून सर्व देशात टाळेबंदी झाली. १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा सण आपण दारे लावून पाळला. महाराष्ट्रातील प्रार्थनामंदिरे १६ नोव्हेंबर रोजी उघडली खरी, परंतु नाताळ जवळ आला तेव्हा सरकारचे सांगणे असे आले की, मंदिरात ५० हून अधिक माणसे नसावीत, गीते गाणारे १० हून अधिक नसावेत, आणि साठीच्या पुढील वृद्धांनी व दहा वर्षांखालील लेकरांनी शक्यतो घरीच राहावे. म्हणजे ज्यांच्या गाण्याने आपला नाताळ भरतो, ती म्हातारी माणसे व ती मुलेच नेमकी बाहेर राहिली.

तेव्हा पुष्कळांनी विचारले, “देवाच्या स्तुतीला अटकाव कशासाठी? गाण्याने कोठे रोग होतो?” ह्याचे उत्तर समजून घेणे बरे. अमेरिकेतील वॉशिंग्टन संस्थानात माउंट व्हर्नन नावाचे गाव आहे. तेथे १० मार्च २०२० रोजी एका गायकवृंदाचा सराव झाला. ६१ माणसे सुमारे अडीच तास एकत्र बसून गायिली. त्यांतील एकाला आधीपासून बारीक पडसे होते. पुढे त्याच्यासह ५३ जणांस हा आजार झाला, अथवा झाला असावा असे ठरले, आणि दोघे मरण पावले. त्यांनी काही पाप केले नव्हते. गाताना आपण खोल श्वास घेतो व जोराने सोडतो. त्या श्वासाबरोबर तोंडातील अतिसूक्ष्म तुषार बाहेर पडतात व बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. ज्या श्वासाने स्तुती होते त्याच श्वासावर रोगही स्वार होतो, हे त्या गायकांस ठाऊक नव्हते. आपणांस मात्र ते ठाऊक झाले होते.

असे असता “आम्ही विश्वास ठेवणारे आहोत, आम्हांस काय होणार?” असे म्हणणे हा विश्वास नव्हे. सैतानाने प्रभूला मंदिराच्या शिखरावर उभे करून खाली उडी टाकण्यास सांगितले, तेव्हा त्याने जवळ शास्त्रवचनही जोडले होते. प्रभूने उडी टाकली नाही. देवाची परीक्षा पाहणे आणि देवावर भाव ठेवणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रभूने तेथे कायमचे ठरवून दिले.

आता आम्ही एका आजीची गोष्ट सांगतो. तिचे व तिच्या गावाचे नाव सांगत नाही, कारण तिला ते आवडणार नाही. ती नेवासे तालुक्यातील एका खेड्यात राहते. तिचा सासरा जुन्या काळचा भजनी मनुष्य होता. स्वतः गीते रचून तो वस्तीत गात असे. त्याची पेटी व त्याची गीते ह्या सुनेकडे आली. पेटी ओसरीवर होती. गीते मात्र कोठे छापलेली नव्हती, ती केवळ तिच्या तोंडी होती. तिचा मुलगा पुण्याला कारखान्यात कामाला आणि मुलगी मुंबईला परिचारिका. दरवर्षी नाताळाच्या दोन दिवस आधी सर्वजण येत. आजी करंज्या करी, नातवंडे कागदाची चांदणी लावीत, आणि २५ तारखेला झुंजूमुंजू होण्यापूर्वी सारे कुटुंब पेटी, ढोलकी व टाळ घेऊन दारोदार ख्रिस्तजन्माची गीते गात फिरे.

त्या वर्षी मुलाने फोनवर सांगितले, “आई, आम्ही येतोच. तुझ्यावाचून नाताळ कसला?” ती म्हणाली, “बाळा, तू आलास तर मला दोन दिवस आनंद होईल. पण शेजारी ओली बाळंतीण आहे, पलीकडं दम्याचा म्हातारा आहे. आपल्या गाण्यापायी त्यांच्या दारात रडणं आलं, तर ते गाणं देवाला गोड लागंल का? औंदा तिकडंच राहा. पेटी मी इथं काढते.” एवढे ती निश्चयाने बोलली. फोन ठेवल्यावर मात्र ती पदर तोंडाला लावून रडली, हे पुढे तिनेच आम्हांस सांगितले. प्रीतीने केलेला त्याग डोळे कोरडे ठेवूनच करावा असे शास्त्रात कोठे सांगितलेले नाही.

मग आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपासून, म्हणजे २९ नोव्हेंबरपासून, दिवेलागणीनंतर शेजारची मुलगी ओसरीच्या कठड्यावर मोबाइल टेकवून अंगणात दूर जाऊन बसे, आणि आजी पेटी घेई. पहिल्या संध्याकाळी सर्वांनी एकदम गाण्याचा यत्न केला, तो फसला. फोनवर आवाज क्षणभर मागाहून पोहोचतो. पुण्याचे पुढे, मुंबईचे मागे, आणि ताल कोठेच नाही. आजीने पेटी थांबविली व म्हटले, “आपण भजनासारखं म्हणू. मी ओळ सांगते, मग पुण्यानं म्हणायची, मग मुंबईनं.” आपल्या भजनाची रीतच ही आहे, पुढचा सांगतो, मागचे झील धरतात. जी रीत वाचता न येणाऱ्या आपल्या पूर्वजांस गीते शिकविण्यास उपयोगी पडली, तीच त्या नव्या यंत्रावरही कामास आली. असे रोज चालले. सासऱ्याची तीन गीते ह्या रीतीने नातवंडांस पाठ झाली, आणि नऊ वर्षांच्या नातवाने ती वहीत उतरून घेतली. नाताळाच्या पहाटे फेरी निघाली नाही. आजीने ओसरीवर बसूनच गाइले, आणि ज्याच्या त्याच्या दारात उभे राहून वस्तीने ऐकले. करंज्यांच्या पुरचुंड्या तिने उंबऱ्यांवर ठेवविल्या.

पुढे एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली. मंदिरे पुन्हा बंद झाली, ती ७ ऑक्टोबरला उघडली. त्या लाटेत आजीला आजार झाला. ती पुष्कळ दिवस इस्पितळात होती. देवाच्या दयेने घरी आली, परंतु तिचा श्वास पहिल्यासारखा राहिला नाही. एक ओळ एका दमात पुरी होत नाही. २०२१ च्या नाताळाला मुले घरी आली, तेव्हा ती तीन गीते नातवंडांनी म्हटली आणि आजीने केवळ टाळ धरला. त्या गीतांपैकी एकही आज तिच्या कंठातून निघत नाही. पण एकही हरवले नाही. “पुढल्या वर्षी सर्व ठीक झाले म्हणजे शिकवू” असे तिने म्हटले असते, तर ती कायमची गेली असती.

बंधूंनो, देवाने हा धडा शिकविण्यासाठी साथ पाठविली, असे आम्ही म्हणत नाही. कित्येक घरांतून त्या दिवसांत आजीच निघून गेली. कित्येकांस आपल्या माणसाच्या कबरेपाशी एक गीतही म्हणता आले नाही. त्यांचा विश्वास थोडा होता म्हणून तसे झाले, असे ज्याच्या तोंडून निघेल त्याने ईयोबाच्या मित्रांची आठवण करावी. आम्ही एवढेच म्हणतो की, अंधार आला तेव्हा ज्या घरात गीत होते त्या घरात ते उरले.

हे जुन्या काळीही झाले आहे. जर्मनीतील आयलेनबुर्ग ह्या गावी मार्टिन रिंकार्ट नावाचे पाळक होते. तीस वर्षांच्या युद्धाचे ते दिवस. १६३७ साली तेथे प्लेग आला. त्या एका वर्षात त्यांनी चार हजारांहून अधिक प्रेते पुरली. त्यांत त्यांची पत्नीही होती. जगभर गाइले जाणारे उपकारस्तुतीचे एक गीत ह्याच मनुष्याचे आहे, आणि ते त्यांनी मोठ्या मंदिरासाठी नव्हे, तर आपल्या घरी जेवणाच्या वेळी लेकराबाळांनी म्हणावे म्हणून रचिले होते. पौल व सीला ह्यांस तरी कोठले मंदिर होते? पाय खोड्यात, पाठीवर वळ, आणि वेळ मध्यरात्रीची. तेथेही त्यांच्या तोंडी गीत होते, कारण ते तुरुंगात येण्यापूर्वीच पाठ झालेले होते. संकटात नवे गीत शिकता येत नाही, शिकलेले आठवते.

आता मंदिरे उघडी आहेत, नाताळाच्या फेऱ्या पुन्हा निघतात, ह्याबद्दल प्रभूचे उपकार मानू. पण त्या दिवसांत घरोघर जी सांजप्रार्थना सुरू झाली होती ती कोठे गेली? दिवेलागणीला आपल्या घरातून कोणाचा आवाज येतो? मोबाइलात हजार गीते भरली आहेत आणि लेकराला एकही शेवटपर्यंत येत नाही, अशी घरे आम्ही पाहतो. यंत्राला दोष नाही. आजीनेही यंत्रच वापरले. परंतु तिने ते लेकरांस गाता यावे म्हणून वापरले, आणि आपण ते आपल्या जागी गाण्यास बसविले आहे.

उपदेशक बंधूंनो, तुमच्या खेड्यात अशी एखादी म्हातारी किंवा म्हातारा असेलच. ह्या आठवड्यात त्यांच्याकडे जा. सोबत दोन मुले व एक वही न्या. जे गीत पुस्तकात नाही ते विचारा, उतरून घ्या, चाल मुलांकडून म्हणवून घ्या. आईबापांनो, जेवणापूर्वी एक गीत, अधिक नको. आवाज चांगला नाही अशी सबब सांगू नका. आणि म्हाताऱ्या मायबापांनो, आपण आता निरुपयोगी झालो असे मनात आणू नका. लोईस कोणत्याही व्यासपीठावर चढली नाही, पण तिच्या घरून निघालेला नातू मंडळ्यांचा पाळक झाला.

ज्या प्रभूचा जन्म मंदिरात नव्हे तर गव्हाणीपाशी झाला, तो तुमच्या ओसरीवर येवो, तुमच्या लेकरांच्या तोंडी आपली स्तुती घालो, आणि मंदिराचे दार उघडे असो वा बंद, तुमच्या घरचे गीत कधी बंद न पडो. आमेन.