झालं, नाही झालं आणि माहीत नाही

डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी म्हणजे एक निरोप्या. एका बाजूला प्रोग्रॅम लिहिणारा माणूस, दुसऱ्या बाजूला नोंदी सांभाळणारा डेटाबेस आणि मध्ये ही. 'ही नोंद कर', 'ती नोंद दे' असे निरोप ती नेते आणि उत्तरं आणते. सगळं सुरळीत चालू असतं तेव्हा निरोप्याच्या स्वभावाचा प्रश्नच येत नाही. तो येतो काम बिघडल्यावर. काय बिघडलं हे तो कोणत्या शब्दांत सांगतो, किती सांगतो, कुणाला सांगतो? आणि त्याला स्वतःलाच माहीत नसेल, तर काय सांगतो?

लायब्ररी लिहिणारे लोक याला 'एरर टाइप्स ठरवणं' म्हणतात. मी पोस्टडॉक म्हणून ज्या संशोधन गटात काम करते, तिथे मोजमापांच्या नोंदींसाठी अशी एक छोटी लायब्ररी आम्ही चारपाच जण मिळून सांभाळतो. आमचे सर्वांत लांबलेले वाद वेगावरून होत नाहीत, या टाइप्सच्या नावांवरून होतात. वरवर पाहता ही नुसती बारशाची हौस वाटेल. मला मात्र तो नीतीचा प्रश्न वाटतो. का ते सांगते.

एसक्यूएलच्या प्रमाणकात प्रत्येक परिस्थितीसाठी पाच अक्षरी संकेतांक आहेत. पहिली दोन अक्षरं वर्ग सांगतात, उरलेली तीन नेमका प्रकार. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये २३५०५ म्हणजे 'अशी नोंद आधीच आहे'. ४२६०१ म्हणजे 'तुमच्या वाक्याचं व्याकरण चुकलं'. ४०००१ म्हणजे 'तुमचं आणि दुसऱ्या कुणाचं काम एकमेकांत गुंतलं. तुमचं मागे घेतलं आहे, पुन्हा करून पाहा'. असे दोनशेहून अधिक संकेतांक आहेत. ते सगळे जसेच्या तसे वापरणाऱ्याच्या पुढ्यात ओतले, तर तो एकही वाचणार नाही. सगळ्यांना मिळून 'डेटाबेस एरर' असं एकच नाव दिलं, तर वाचण्यासारखं काही उरणार नाही.

मग गट कसे पाडायचे? आम्हा तांत्रिक लोकांची पहिली ओढ असते बिघाड कुठे झाला हे पाहण्याची. नेटवर्कचे एरर एकीकडे, डिस्कचे दुसरीकडे, वाक्यरचनेचे तिसरीकडे. पण ऐकणाऱ्याला 'कुठे' यापेक्षा 'आता मी काय करू' हे हवं असतं. २००६ साली आलेल्या जावाच्या सहाव्या आवृत्तीत हा विचार उघडपणे दिसतो. तिथे डेटाबेसच्या एररची वेगळी घराणी केली आहेत. एकात तात्पुरत्या अडचणी, म्हणजे तेच काम पुन्हा केलं तर जमू शकेल अशा. दुसऱ्यात टिकून राहणाऱ्या, म्हणजे मूळ कारण दूर केल्याशिवाय शंभरदा केलं तरी न जमणाऱ्या. ही वाटणी ऐकणाऱ्याच्या बाजूने केलेली आहे.

इथेच नीतीचा पहिला धागा लागतो. एरर ही नुसती माहिती नसते, ती जबाबदारीचं वाटप असते. 'पुन्हा कर', 'तुझं वाक्य दुरुस्त कर', 'वापरणाऱ्याला विचार', 'बिघाड माझ्याकडे आहे' ही चार वाक्यं चार वेगवेगळ्या माणसांना कामाला लावतात. सर्व्हरची डिस्क भरलेली असताना लायब्ररीने 'तुमची विनंती अवैध आहे' असं सांगितलं, तर तो साधा आळ झाला. त्या आळापायी कुणीतरी आपल्याच निर्दोष कोडमध्ये रात्रभर दोष शोधत बसतं.

दुसरा धागा जास्त अवघड आहे. आपण समजतो की कामाची उत्तरं दोनच असतात, झालं किंवा नाही झालं. आता हा प्रसंग पाहा. लायब्ररीने डेटाबेसला अखेरचा निरोप पाठवला, 'हा व्यवहार पक्का कर'. तेवढ्यात कनेक्शन तुटलं. निरोप पोचण्याआधी तुटलं असेल, तर व्यवहार झालेला नाही. डेटाबेसने काम पक्कं केल्यावर, पण पोच परत येण्याआधी तुटलं असेल, तर व्यवहार झालेला आहे. लायब्ररीच्या बाजूने दोन्ही प्रसंग हुबेहूब सारखे दिसतात.

यात कुणाचा हलगर्जीपणा नाही. संगणकशास्त्रात ही 'दोन सेनापतींची समस्या' म्हणून प्रसिद्ध आहे. १९७५ साली ती मांडली गेली आणि १९७८ मध्ये जिम ग्रे यांनी तिला हे नाव दिलं. हरवू शकणाऱ्या निरोपांवर विसंबून दोन पक्षांना एकमेकांविषयी पूर्ण खात्री कधीच होऊ शकत नाही, पोचेची पोच आणि तिचीही पोच मागितली तरी. म्हणून एसक्यूएलच्या प्रमाणकातच ०८००७ हा संकेतांक आहे, व्यवहाराचा निकाल अज्ञात. फाउंडेशनडीबी या डेटाबेसमध्ये तर नेमक्या याच अर्थाचा, १०२१ क्रमांकाचा वेगळा एरर आहे. कुणीतरी बसून ठरवलं, की 'माहीत नाही' हे 'नाही'पेक्षा वेगळं उत्तर आहे आणि त्याला स्वतःचं नाव हवं.

पुष्कळ लायब्रऱ्या मात्र दोन्ही प्रसंगांना 'कनेक्शन एरर' म्हणून मोकळ्या होतात. प्रोग्रॅम लिहिणारा त्याचा अर्थ 'झालं नाही' असा लावतो आणि तेच काम पुन्हा पाठवतो. मग एकाच बिलाचे पैसे दोनदा जातात. लायब्ररी खोटं बोलली का? प्रत्येक शब्द खरा होता, कनेक्शन तुटलंच होतं. पण युधिष्ठिरानेही अश्वत्थामा गेल्याचं खरंच सांगितलं होतं. ऐकणारा काय समजणार हे ठाऊक असताना अपुरं बोलणं हे खोटं बोलण्याच्या फार जवळ जातं.

याची किंमत काय असू शकते, हे ब्रिटनमधल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. तिथल्या पोस्टाच्या 'होरायझन' या हिशेबप्रणालीने दाखवलेल्या तुटीवरून १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक लोकांना दोषी ठरवलं गेलं. त्यांत दक्षिण आशियाई वंशाची पुष्कळ माणसं होती. २०२४ मध्ये संसदेने थेट कायदा करून इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधल्या अशा शिक्षा रद्द केल्या. त्या प्रणालीत दोष अनेक होते, आणि माणसांनी केलेली लपवाछपवी त्याहून मोठी होती. पण त्यातला एक दोष आपल्या विषयाच्या अगदी जवळचा आहे. २०१५ साली स्कॉटलंडमधल्या डॅलमेलिंग्टन शाखेत ८,००० पौंडांची रक्कम आल्याची नोंद करताना स्क्रीन अडकून राहिला. काम झालं म्हणेना, नाही झालं म्हणेना. समोरच्या व्यक्तीने कुणीही करेल तेच केलं, बटण पुन्हा दाबलं. रक्कम चारदा नोंदली गेली आणि शाखेच्या हिशेबात २४,००० पौंडांची तूट उभी राहिली. त्यामागचं तांत्रिक कारण वर सांगितलेल्या प्रसंगाहून वेगळं होतं. पण समोरच्या माणसाची कोंडी तीच होती. यंत्र गप्प बसलं, माणसाने त्या गप्प बसण्याचा अर्थ 'नाही झालं' असा लावला आणि तूट माणसाच्या नावावर पडली.

आपल्याकडच्या तत्त्वज्ञांनी 'नसणं कसं कळतं' या प्रश्नाचा फार बारकाईने विचार केला आहे. कुमारिल भट्टांच्या मीमांसेने आणि अद्वैत वेदान्ताने 'अनुपलब्धी' हे ज्ञानाचं स्वतंत्र साधन मानलं. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून तिथे घडा नाही हे कळतं. पण त्याला एक अट आहे, योग्यतेची. घडा असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती असायला हवी. अंधाऱ्या खोलीत घडा न दिसणं म्हणजे घडा नसल्याचं ज्ञान नव्हे.

एरर टाइप्स ठरवणाऱ्याने ही अट टेबलावर लिहून ठेवावी अशी आहे. समजा, डॉक्टरांनी रुग्णाच्या ॲलर्जी विचारल्या आणि लायब्ररीने रिकामी यादी परत दिली. ती 'शोधलं, काही नाही' अशी रिकामी आहे, की 'शोधताच आलं नाही' म्हणून रिकामी आहे? पहिली रिकामी यादी हे ज्ञान आहे. दुसरी म्हणजे अंधारी खोली. दोघींना एकच रूप देणारी लायब्ररी अंधाराला उजेड म्हणून विकते, आणि गोळी गिळायची असते रुग्णाला.

यावरचे आक्षेप मला हलके वाटत नाहीत. पहिला असा, की माणसांना इतकं खरं पेलत नाही. जावाने काही एरर हाताळणं सक्तीचं केलं, तेव्हा अनेकांनी काय केलं? एरर पकडायचा आणि आत काहीच लिहायचं नाही. सक्तीने ऐकवलेलं सत्य गिळून टाकण्याची सोय माणूस शोधून काढतोच. हे मला मान्य आहे. पण यातून निघतं ते एवढंच, की टाइप्स थोडे असावेत आणि प्रत्येकाबरोबर पुढची कृती स्पष्ट असावी. 'माहीत नाही' गाळून टाकावं, असं त्यातून निघत नाही.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा आहे, की सगळं सगळ्यांना सांगायचं नसतं. पोस्टग्रेस २३५०५ देतो तेव्हा सोबतच्या तपशिलात कोणती किंमत आधीपासून आहे हेही लिहितो. तो तपशील तसाच स्क्रीनवर गेला, तर कुणाही परक्याला अमुक ईमेलचा माणूस इथे नोंदलेला आहे हे कळतं. ती नोंद एखाद्या मानसोपचार केंद्राची असेल, तर? म्हणजे प्रश्न फक्त खरं सांगण्याचा नाही, कुणाला सांगायचं याचाही आहे. मूळ कारण लॉगमध्ये जपावं, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला टाइप द्यावा, वापरणाऱ्याला साधं वाक्य द्यावं. तिघांना कमीअधिक सांगता येईल. पण एकालाही दुसऱ्याच्या उलट सांगू नये.

आणि 'माहीत नाही' म्हणणाऱ्याचीही सुटका तेवढ्यावर होत नाही. अज्ञान कबूल करणं ही अर्धी सचोटी झाली. उरलेली अर्धी म्हणजे ऐकणाऱ्याला खात्री करून घेण्याची वाट देणं. आधीच प्रत्येक विनंतीला एक वेगळा क्रमांक दिला, तर नंतर विचारता येतं, 'या क्रमांकाचं काम झालं का?' किंवा तीच विनंती त्याच क्रमांकाने पुन्हा पाठवता येते आणि डेटाबेस ती दुसऱ्यांदा मोजत नाही. सुट्टीत घरी गेल्यावर यूपीआयच्या स्क्रीनवर 'पेंडिंग' हा शब्द आपल्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिला असेल. दुकानदार आपल्याकडे बघतो, आपण त्याच्याकडे. शब्द चिडचिड करायला लावतो, पण प्रामाणिक आहे, आणि त्याखाली व्यवहाराचा क्रमांक असतो. 'फेल्ड' असं ठोकून दिलं असतं तर वाद लवकर मिटला असता आणि पैसे कदाचित दोनदा गेले असते.

आमच्या व्यवसायात अनिश्चितता लपवणं याला पुष्कळदा 'सोपा इंटरफेस' म्हणतात. वापरणाऱ्याला त्रास नको, असा त्यामागचा हेतू चांगलाच असतो. पण आपल्या वाट्याची शंका आपण गिळली म्हणून ती नाहीशी होत नाही. ती पुढे सरकते, आणि साखळीच्या शेवटी असलेल्या माणसापर्यंत पोचते तेव्हा ती शंका राहिलेली नसते, हिशेबातली तूट झालेली असते. ती कुठून आली हे त्याला कळायला मार्ग नसतो. कळू शकलं असतं ते मधल्यालाच, आणि तेही त्या एका क्षणी. म्हणून आमच्या लायब्ररीत या तिसऱ्या उत्तराला वेगळा टाइप असावा यासाठी मी भांडते. दोन ओळी कोड जास्त लिहावा लागतो, हे खरं आहे. तो लिहावा.