दुसऱ्या हाताचं बटण

चाकणच्या एका कारखान्यात पॉवर प्रेस चालवणारा ऑपरेटर काळेवाडीत, तापकीरनगरला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचा. नाइट संपवून काळेवाडी फाट्याला बसमधून उतरला, की अंघोळ, चार घास आणि लगेच आडवा. बायको तोवर पिंपरीला पॅकिंगच्या कामाला गेलेली असे. सातवीतल्या मुलाची शाळा दुपारची. सकाळभर घरात जागं असायचं फक्त पोरगं, आणि त्याच्या हातात बापाचा जुना, सिम नसलेला फोन.

"पप्पा, तुमच्या फोनवर ओटीपी आलाय. सांगा ना."

"कशाचा रे?"

"शाळेचं ॲप आहे."

बापाने एक डोळा उघडून सहा आकडे वाचले आणि कूस बदलली.

ॲप गेमचं होतं. अठराच्या आतल्या मुलाच्या नावावर सिम मिळत नाही, म्हणून नंबर बापाचा. जन्मसाल विचारलं तेव्हा मुलाने तेही बापाचंच टाकलं, 1986. गेमच्या लेखी सातवीतला मुलगा चाळिशीचा गृहस्थ झाला आणि जगातल्या कुणाही अनोळखी माणसाला त्याच्याशी बोलायची मुभा मिळाली.

जुलै 2024मध्ये इथून जवळच, किवळ्यात, पंधरा वर्षांच्या एका मुलाने जीव दिला होता. त्याला ऑनलाइन गेमचा नाद होता, असं तपासात पुढे आलं. तेव्हा गल्लीत कितीतरी दिवस तोच विषय होता. आपलं पोरगं तसलं नाही, असं म्हणून बाप निर्धास्त राहिला. आपण सगळेच तसं म्हणतो.

पुढे एकदा बसमध्ये पुन्हा विषय निघाला. शेजारच्याने मोबाइलवरची बातमी वाचून दाखवली. 2023चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, त्याचे नियम नोव्हेंबर 2025मध्ये निघाले. अठराच्या आतल्या मुलाची माहिती घ्यायची तर आईवडिलांची खात्री करून घेतलेली संमती हवी. मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायच्या नाहीत. मोडलं तर 200 कोटींपर्यंत दंड. ऑस्ट्रेलियाने तर डिसेंबर 2025पासून सोळाच्या आतल्यांना सोशल मीडियाची खातीच बंद केली.

"आता आपल्याला घोर नाही," शेजारी म्हणाला. "कंपन्याच अडवतील पोरांना."

त्याच रात्रीची गोष्ट. प्रेसला दोन बटणं असतात, एक डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही एकदम दाबली तरच वरची डाय खाली येते. हात बटणांवर असले म्हणजे डायखाली असूच शकत नाहीत. इतकी सरळ युक्ती, पण ती कामगाराच्या काळजीतून निघालेली आहे आणि तिने असंख्य बोटं वाचवली आहेत. यंत्राच्या धोक्याच्या भागाला संरक्षण हवंच, हे आपल्याकडे 1948च्या कारखाने कायद्यानेच सांगून ठेवलं होतं.

शेजारच्या प्रेसवर आयटीआयमधून नुकताच आलेला पोरगा होता. धाडकन आवाज झाला आणि तो किंचाळून मागे सरला. हातमोज्याचं टोक डायखाली चेपून गेलं होतं. बोट थोडक्यात वाचलं. ऑपरेटर धावला. पाहतो तर डाव्या बटणात पुठ्ठ्याची घडी ठासून बसवलेली. बटण कायमचं दाबलेलं, त्यामुळे पोरगा एका हाताने मशिन मारत होता आणि दुसऱ्याने पत्रा सरकवत होता.

"हे कुणी कोंबलं?"

"मी नाही, काका. आधीच्या शिफ्टवाल्याने. टार्गेट होत नव्हतं."

"तू बघितलंस ना? मग काढलं का नाहीस?"

पोरगा गप्प. ऑपरेटरने पुठ्ठा उपसून काढला आणि सुपरवायझरच्या टेबलावर नेऊन ठेवला.

सकाळी घरी डोळा लागतो न लागतो तोच हाक आली. "पप्पा, ओटीपी आलाय."

या वेळी तो उठून बसला. आकड्यांच्या पुढे-मागे काय लिहिलंय ते अक्षर अक्षर लावत वाचलं. हा कोड कुणालाही सांगू नका, असं होतं आणि वर गेमचं नाव होतं.

"फोन आण इकडं."

मुलाने घाबरत फोन दिला. बापाने मेसेज वाचत नेले. कुणीतरी 'दादा' होता. आधी त्याने फुकटचे डायमंड दिले होते. मग शाळा कुठली, ते विचारलं होतं. मग, फोटो पाठव. आणि आदल्या रात्रीचा मेसेज: पप्पा नाइटला असतात ना?

बापाच्या अंगावर काटा आला. त्याने मुलावर हात उगारला नाही. जवळ घेतलं, एकेक गोष्ट विचारली, मेसेजचे स्क्रीनशॉट काढले. बायकोला फोन करून बोलावून घेतलं आणि तिघं मिळून पोलीस चौकीत गेले. झोप त्या दिवशी झाली नाही.

संध्याकाळी बस पकडताना शेजाऱ्याने विचारलं, "डोळे का लाल?" त्याने सगळं सांगितलं.

"म्हणून तर कायदा पाहिजे," शेजारी हळहळला.

"पाहिजेच," ऑपरेटर म्हणाला. "पण बटणाचाही कायदा आहेच की. पुठ्ठा माझ्या घरात मीच कोंबला होता."

पालकांच्या संमतीची ही सक्ती मे 2027मध्ये लागू होईल. संमती खरी की खोटी, हे तेव्हाही घरातला मोठा माणूसच ठरवणार आहे. तोवर एवढं करा: पोरांच्या फोनमधली जन्मसालं आज रात्री एकदा तपासा. काही वावगं दिसलं, तर मुलांच्या मदतीसाठीचा 1098 हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो.