मुत्तूचा माशीमार

चेन्नईतल्या अण्णा नगरच्या विश्वेश्वरय्या उद्यानातला मनोरा १९६८च्या जागतिक व्यापार जत्रेसाठी बांधला गेला. लोक तिथे मनोऱ्यासाठी जातात. हिवाळ्यात मात्र चेन्नईच्या झाडीकडेही बघावं. तपकिरी माशीमार तेव्हाच येतो: चिमणीहून लहान, मातकट, डोळ्याभोवती पांढुरकं कडं. मला तो स्वर्गीय नर्तक या पक्ष्यापेक्षा जास्त विचार करायला लावतो. नर्तकाच्या नराला ओळखायला नुसती शेपटी पुरते.

तपकिरी माशीमारासारखाच दिसतो तपकिरी छातीचा माशीमार. पहिल्याचे पाय काळपट, दुसऱ्याचे पिवळसर. पहिल्याच्या खालच्या चोचीचं टोक गडद, दुसऱ्याची खालची चोच सगळी पिवळी. दुसरा ईशान्य भारतात आणि दक्षिण चीनमध्ये वीण करतो आणि हिवाळ्यात दक्षिण सह्याद्रीत व श्रीलंकेत उतरतो. बस्स, एवढाच काय तो ठळक फरक.

पहिल्याचं शास्त्रीय नाव निसर्गशास्त्रज्ञ पालास यांनी १८११ साली बैकल सरोवरापलीकडच्या दौरिया प्रदेशावरून ठेवलं. दुसऱ्याचं नाव आहे ‘मुत्तुई’. श्रीलंकेत पक्षी जमवणाऱ्या लेयर्ड साहेबांनी १८५४ साली ते आपल्या मुत्तू नावाच्या नोकरावरून दिलं. आपले कित्येक उत्तम नमुने त्याच्या चिकाटीमुळे मिळाले, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केलं. मद्रास सैन्यातले डॉक्टर जर्डन, टिकेल, ब्लाइथ अशी साहेबांची नावं पक्ष्यांना सर्रास लागली. रानात वणवण करणाऱ्याचं नाव लागणं विरळाच. सारखेपणा दिवाणखान्यात बसूनही दिसतो. फरक शोधायला रानात मुत्तूच लागतो.

अशीच फसवी जोडी अमेरिकेतही आहे: तिथले ऑल्डर आणि विलो माशीमार १९७३पर्यंत एकच जात मानले जात. ते वेगळे ठरले ते मुख्यतः गाण्यावरून. हिवाळ्यात दक्षिणेकडे गेल्यावर ते गप्प असले, की मुरलेले निरीक्षकही दोघांची मिळून एकच नोंद करतात. (आपल्या माशीमारांशी त्यांचं जवळचं नातं नाही, कुळच निराळं. धंदा मात्र तोच, फांदीवरून झेपावून किडे टिपण्याचा.) एकच नोंद करण्यातली ही कबुली मला आवडते. हल्ली फोटो टाकला की यंत्र क्षणात नाव सांगतं आणि आपण ते तसंच उतरवतो, पाय फांदीआड असले तरी.

तेव्हा या हिवाळ्यात असा पक्षी दिसला, तर आधी पाय आणि चोच बघा. दिसले नाहीत, तर वहीत नुसतं ‘माशीमार’ लिहा.