धुऱ्यापलीकडची बोंडअळी

२०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने वऱ्हाडातली पऱ्हाटी पोखरली, तेव्हा कोणी बियाण्याला बोल लावला, कोणी फवारणीला. बोलगार्ड-२ या बीटी कपाशीला अळी सरावली होती, हे खरेच. पण एकेका शेतात कारण शोधून हे कोडे सुटत नाही. अकोला-अमरावतीकडची शेते अळीच्या पतंगांनी, सरकीने आणि कापसाच्या गाड्यांनी एकमेकांशी बांधलेली आहेत. अळीला धुरा अडवत नाही.

अशा जोडलेल्या जाळ्यांचे गणित आता स्वतंत्र शास्त्र झाले आहे. १६६५ मध्ये डच शास्त्रज्ञ हायगेन्सला एकाच आधारावर टांगलेली दोन लंबकाची घड्याळे आपोआप एका लयीत आलेली दिसली. या विचाराचे मूळ तिथे आहे. पुढे असेही दिसून आले की, हजारो घटकांच्या जाळ्याला वळण लावायला प्रत्येकाला धरावे लागतेच असे नाही. मोक्याच्या मोजक्या गाठी धरल्या तरी पुष्कळदा भागते.

बोंडअळीचाही सगळा खेळ असाच लयीचा, म्हणजे वेळेचा आहे. हंगामाअखेरची अळी सरकीत, पऱ्हाट्यांत सुप्तावस्थेत उन्हाळा काढते. पावसाळ्याच्या तोंडाशी पतंग निघतात, तेव्हा शिवारात पाते-फुले नसतील तर ती पिढी वाया जाते. मात्र कोणी मे महिन्यातच ओलिताची कपाशी लावली असेल, तर तिच्या डोमकळ्यांत अळी वाढते आणि पुढची पिढी गावभर पसरते. म्हणूनच फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेली कपाशी, ठेवू नका, पेरणीची घाई करू नका, असे कृषिशास्त्रज्ञ सांगतात. अळीची लय तोडायची तर माणसांची जुळायला हवी.

पण ही लय जुळवण्याचा भार कोणावर? फरदडीच्या चार पैशांवर ज्याचे देणे फिटायचे असते, त्याला केवळ शिस्त शिकवणे अन्यायाचे आहे. जाळ्यातल्या बळकट गाठी दुसरीकडे आहेत. जिनिंगमध्ये अनेक गावांचा कापूस येतो, त्याबरोबर अळीही येते. तिथे कामगंध सापळे लावले, सरकी उघडी पडू दिली नाही, तर एका जागी केलेले काम अनेक शिवारांना पुरते. बियाण्याची विक्री जूनपर्यंत थांबवली, तर लवकरची पेरणी आपोआप कमी होते. खरेदी वेळेवर झाली, तर कापूस उन्हाळ्यापर्यंत घरात साठून राहत नाही.

जिनिंग, बियाणेविक्री आणि खरेदी केंद्र या तीन गाठी सरकारने आधी आवळाव्यात. फरदड मोडायला शेतकऱ्याला त्यानंतर सांगावे, आणि मोडल्याचा मोबदलाही द्यावा.