थांबणं आणि खोळंबणं

कर्जत,
आषाढातला रविवार

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

नववीत गेलीस तरी मायना बदलणार नाही, उगाच ओरडू नकोस. तुझं पत्र पोचलं. 'आजोबा, तुम्ही गाडीवर रुसलात का?' असं विचारलंयस. तुझ्या आईनं कान भरलेले दिसतात. गेल्या दोन खेपांना मी खोपोलीला जाऊन एसटीनं पुण्याला आलो, हे खरं आहे. तुला अक्षरओळख व्हायच्या आधी ज्यानं 'बँकर', म्हणजे घाटात गाडीला मागून ढकलणारं इंजिन, हा शब्द शिकवला, तो माणूस एसटीतून उतरतो म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तू बरोबर ताडलंस.

ठाकुरवाडीपासून सुरू करतो. ठाकुरवाडी तू पाहिलीयस, पण तिथं कधी उतरली नाहीस. पुण्याहून येताना लोणावळा, खंडाळा मागे पडतं, बोगद्यांची रांग लागते आणि मधेच डोंगराच्या कुशीत गाडी उभी राहते. गाव दिसत नाही, चहावाला येत नाही. नवखा माणूस चुळबुळतो, 'आता काय झालं?' झालेलं काही नसतं. तिथला सांधा मुळात कर्जतकडच्या रुळाला जोडलेलाच नसतो. तो असतो बाजूच्या चढावर जाऊन संपणाऱ्या एका रुळाला. त्याला कॅच सायडिंग म्हणतात. गाडी तिथं येऊन शहाण्यासारखी उभी राहिली, म्हणजे तिचे ब्रेक शाबूत आहेत हे सिद्ध झालं. मग सांधा फिरतो, सिग्नल पडतो आणि वाट मोकळी होते. ब्रेक लागलेच नाहीत तर गाडी त्या चढावर चढते आणि तिथंच दमते. खाली कर्जतवर येऊन आदळत नाही. आणखी एक गंमत. घाट उतरणारी ही गाडी रेल्वेच्या भाषेत 'अप' असते, कारण मुंबईकडे जाणारी ती अप. घाट चढणारी डाऊन! लहानपणी मला हे काही केल्या पटत नसे.

माझे मामा तिथं सांधेवाले होते. मे महिन्यात मी त्यांच्याकडे राहायला जायचो. भाजी, रॉकेल, टपाल, पाहुणे, सगळं गाडीनंच यायचं. मामा लिव्हर ओढताना हातात नेहमी एक फडका धरायचे. मला वाटायचं, हात काळे होऊ नयेत म्हणून. एकदा मी फडक्याशिवाय लिव्हरला हात लावला तर त्यांनी मला खसकन मागे ओढलं. 'हाताच्या घामानं दांडा गंजतो,' म्हणाले. लोखंडाची इतकी काळजी करणारा माणूस मी पुढे पाहिला नाही. सकाळी डेक्कन क्वीन यायची, उभी राहायची, तापलेल्या ब्रेकचा जळका वास घरापर्यंत पसरायचा आणि ती सुटली की मामी आमची पेज वाढायची. घड्याळ होतं घरात, पण ते गाडीवर लावलेलं. तेव्हापासून मी या गाड्यांच्या प्रेमात आहे. ठाकुरवाडीला गाडी थांबते याचा मला आजही राग येत नाही, उलट ती थांबली की बरं वाटतं.

हा घाट काय प्रकार आहे, हे तुला नकाशावर कळायचं नाही. सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट चढ. १८५६ साली काम सुरू झालं, १८६३ साली गाडी वर गेली. १८६१ मध्ये बेचाळीस हजारांवर माणसं इथं खपत होती आणि पटकीनं पटापट मरत होती. सॉलोमन ट्रेडवेल नावाचा ठेकेदार १८५९ साली विलायतेहून आला आणि थोड्याच दिवसांत इथंच वारला. त्याच्या बायकोनं, अ‍ॅलिसनं, ठेका सोडला नाही. काम पुरं करून घेतलं. तुझ्या इतिहासाच्या पुस्तकात ही बाई नाही. असायला हवी होती.

म्हणजे घाटाशी माझं भांडण नाही. २०१९ च्या जुलैच्या पहिल्याच दिवशी जांबरुंग आणि ठाकुरवाडीच्या मधे मालगाडी घसरली. त्याच पावसाळ्यात पुढे दरडी आल्या, रुळाखालची माती गेली, पुण्याच्या गाड्या कितीतरी दिवस बंद होत्या. तेव्हा मी एका शब्दानं कुरकुरलो नाही. भर पावसात दरडीखाली उभं राहून रूळ राखणाऱ्या गँगमनला घरात बसून नावं ठेवायची नसतात. माझं दुखणं वेगळं आहे.

तुझं नाटक आठवतं? गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनातलं. तू झाशीची राणी होतीस आणि आजोबा पोचले ते पडदा पडल्यावर. तू तेव्हा काही बोलली नाहीस, दाढी चिकटवलेल्या त्या तात्या टोपेशी माझी ओळख करून दिलीस. पण तुझा चेहरा मी पाहिला. त्या दिवशी मी कर्जतच्या फलाटावर गाडीच्या वेळेआधी अर्धा तास हजर होतो. गाडीचं नाव लिहीत नाही, तिचा काय दोष! मोबाइल म्हणत होता, नेरळ सोडलं. इंडिकेटर म्हणत होता, पाच मिनिटं. ती पाच मिनिटं पावणेदोन तास टिकली. मधेमधे दिलगिरीची टेप वाजत होती. खिडकीवर विचारलं तर, 'आम्हाला तरी कुठं कळवतात?' मुंबईकडे काहीतरी बिघाड झालाय एवढंच कोणी सांगितलं असतं, तर मी तेव्हाच खोपोली गाठून एसटी पकडली असती आणि तुझी तलवार पाहिली असती. उशीर मी पचवला, छकुली. ती पाच मिनिटं पचली नाहीत.

थांबणं आणि खोळंबणं यात फरक आहे तो हा. ठाकुरवाडीला गाडी थांबते. का थांबते आणि काय झालं की सुटणार, हे ठरलेलं आहे. खोळंबलेल्या गाडीचं कारण कोणाला ठाऊक नसतं आणि विचारणारा माणूस मूर्ख ठरतो. मी पेन्शनर, माझं एक नाटक बुडालं. पण आमच्या शेजारचा मुलगा खोपोलीच्या कारखान्यात जातो. खोपोलीचा फाटा एकेरी रुळाचा, त्यावर लोकल मोजक्या. त्याची लोकल खोळंबली की अर्ध्या दिवसाचा खाडा लागतो. त्यानं शेवटी हप्त्यावर मोटारसायकल घेतली. पावसात त्या रस्त्यावरून तो घरी येईपर्यंत त्याची आई दारात उभी असते.

गाड्या वाढल्या, घाट मात्र तोच, हे मला कळतं. घाटात तिसरी मार्गिका आली तरी दक्षिणेकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्या, मालगाड्या, सगळ्यांना याच भोकातून जायचंय. चढणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून बँकर लावायचा, वर पोचल्यावर सोडवायचा. २०२३ मध्ये सोलापूरची वंदे भारत आली, ती बँकरशिवाय चढते. मी मुद्दाम पुलावर उभं राहून पाहिली, टाळ्याही वाजवल्या; खोटं कशाला बोलू? पण २०२० च्या टाळेबंदीनंतर देशभर कितीतरी छोटे थांबे परत आलेच नाहीत, त्यांच्यासाठी टाळ्या वाजवायला कोण उभं राहतंय?

आणि वक्तशीरपणाचा हिशेब कसा लागतो, माहितीय? गाडीची हजेरी मांडायची शेवटच्या स्टेशनावर. मधे माणसं फलाटावर सुकली तरी ती हिशेबात नाहीत. वेळापत्रकात शेवटच्या दोन स्टेशनांमधला वेळ पाहा. जाताना किती दिलाय आणि तेवढंच अंतर उलट दिशेला किती मिनिटांत कापतात, ते वहीत मांड. काही गाड्यांच्या बाबतीत तुला हसू येईल. शाळेत उशिरा येणाऱ्या मुलाची हजेरी शाळा सुटताना घेण्यासारखं आहे हे. मामांना हे कळलं असतं तर त्यांनी फडका खाली ठेवला असता.

तर मी रुसलो आहे, पण काडीमोड घेतलेली नाही. येत्या शनिवारी तुझ्याकडे येतोय आणि गाडीनंच येतोय. रविवारी दोघं मिळून खाली उतरू. मेगाब्लॉक नाही ना, ते आईला पाहायला सांग. तुझी इंजिनांच्या नंबरांची वही बरोबर घे आणि मागच्या पानावर दोन रकाने आख : 'थांबली' आणि 'खोळंबली'. ठाकुरवाडी पहिल्या रकान्यात, वेळेसकट. सिग्नल कधी पडला तेही लिही.

कर्जतचे वडे आणतो. चार घेईन. गाडी खोळंबली तर तुझ्यापर्यंत किती पोचतील, ते सांगता येत नाही.

तुझा,
आजोबा